उतारावरची हाळी

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. दारू पिऊन गटारात लोळलो तेव्हाही नाही — आणि दारू मी काही थोडीथोडकी प्यायलेलो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? ते विचारू नका. ऐका फक्त. मधे बोलू नका, मला राग लवकर येतो.

राग. तिथूनच धरू या. माझा हात आधी चालतो, डोकं मागनं येतं. बैलाला मारलंय, बायकोला मारलंय, एकदा भर बाजारात पंक्चरवाल्याच्या कानफटात दिलीय. गावाला हे सगळं ठाऊक आहे. गाव हसतं, "भीमाचा हात म्हंजे लई वंगाळ," म्हणतं. पण जे सांगायचंय ते हातानं केलेलं नाही. म्हणजे — हातानंही केलं, पण ते नंतर.

आम्ही वळसंगच्या बाजूचे. दुष्काळ नुकता सरला होता. मी आणि माझा थोरला चुलतभाऊ सिद्राम — मी त्याला अण्णा म्हणायचो — रोज सकाळी सायकलवर दुधाच्या किटल्या लादून सोलापूरला जायचो. मागं गावातले अजून दोघं असायचे. डांबरी सडक लांबून पडायची, म्हणून वनखात्याच्या रानातून जायचो. वाट कसली — नुसता मुरूम, आणि त्यावर दुष्काळी कामात बायाबापड्यांनी फोडलेली खडी. खडी पसरली, रोलर काही फिरला नाही. चाकाखालून दगड असा सुटायचा की नडगी फुटायची.

त्या रानात एक लांबडा उतार होता, मधे वळण. भरल्या किटल्यांनिशी उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक खडीवर घसरतं आणि माणूस किटल्यांखाली येतो. आणि पुढच्याच्या धुरळ्यात मागच्याला काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून आमची एक रीत होती. पुढचा हाळी द्यायचा. "मोकळं!" म्हटलं की मागच्यानं ब्रेक सोडून यायचं. "दाब!" म्हटलं की वरच पाय टेकून थांबायचं. मागच्यानं बघायचं नाही, ऐकायचं. ही रीत मला अण्णानंच शिकवली. सायकलही त्यानंच शिकवली, कॅरियर धरून मागं पळत पळत.

एका सकाळी मी पुढं होतो आणि हाळी द्यायला विसरलो. खरंच विसरलो — लग्न ठरलं होतं, डोकं कुठं ठिकाणावर होतं? वळणावर बाभळीची फांदी आडवी पडली होती. मी कडेनं निघालो. अण्णा तिच्यात घुसला. दूध सांडलं, कोपर फुटलं. रानात त्यानं रिकाम्या किटल्या पुन्हा सायकलवर लादल्या. सोलापुरात, आम्ही दूध घालायचो त्या हॉटेलासमोर, त्यानं सायकल स्टँडला लावली, हवेचा पंप काढला आणि मला हाणलं. पाठीवर, मांड्यांवर, भर रस्त्यात. "म्होरं असलास तर तोंड उघडायचं! तोंड हाय का न्हाय तुला?"

आणि आत बाकावर कोण बसलं होतं? माझा होणारा सासरा. चहाची बशी ओठाशी तशीच धरून बघत होता.

मार रास्त होता. हे आज म्हणतो. तेव्हा मला ती बशी तेवढी दिसत होती. रोज, जेवताना, पॅडल मारताना, ती बशी.

मग? सांगतो की. दम खाऊ द्या जरा.

काही दिवस गेले. अण्णाशी मी हसूनखेळून बोलत होतो. त्या सकाळी पुन्हा मी पुढं. वळण घेतलं तर समोर मेंढरं. वाटभर. मधे धनगर उभा, हात वर करून — थांबा म्हणून. तो माझ्याकडंच बघत होता. मीही त्याच्याकडं बघितलं. डाव्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं, सायकल जाईल एवढी जागा होती. मी तिच्यातनं निसटलो.

आणि ओरडलो. घसा फाडून ओरडलो.

"मोकळं!"

तोंड उघड म्हणाला होता ना? उघडलं.

चुकून निघालं तोंडातून, असं मी स्वतःला लई वेळा सांगून बघितलंय. चुकून नव्हे. निसटल्यावर मी एकदा मागं वळून मेंढरांकडं बघितलं होतं. मग ओरडलो.

आधी किटल्यांचा आवाज आला, मग मेंढरांचा, मग अण्णाचा. मी परत पळत गेलो. मांडीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं होतं. अर्धा चेहरा खडीनं सोलला होता. दूध, रक्त, मुरूम, सगळा चिखल. दोन मेंढ्या तंगड्या झाडत पडल्या होत्या. मला वाईट वाटलं का? खरं सांगू? आधी बरं वाटलं. मग त्याच्या अंगावरची सायकल बाजूला ओढली.

मागचे दोघं सायकली टाकून धावत आले. तोवर धनगरानं आपला पटका फाडून अण्णाची मांडी बांधायला घेतली होती. मान वर करून तो म्हणाला, "म्या हात केला की. म्होरच्यानं बगितलं मला. ह्येनंच —"

पुढं त्याला बोलू दिलं नाही. अण्णाचा पंप खडीत पडला होता. तो उचलला आणि धनगराच्या तोंडावर घातला. दात तुटले. "मेंढरं आडवी घालतोस व्हय रं! माज्या भावाला मारतोस!" पुन्हा घातला. तोंडावरच. दुसरीकडं कुठं नाही — तोंडावरच. माझं बघून त्या दोघांनीही लाथा घातल्या. त्यांना काय ठाऊक? त्याची बायको पलीकडनं धावत आली, नवऱ्यावर आडवी पडली. "मारू नगा वो अण्णा, पाया पडते." मला अण्णा म्हणत होती. मी तिला केसाला धरून बाजूला ओढलं. त्याचा जबडा लोंबायला लागला तेव्हा थांबलो. दमलो म्हणून नाही. आता हा बोलणार नाही, हे कळलं म्हणून.

धनगर नवरा-बायको उरलेली मेंढरं घेऊन गेली. त्या रानात पुन्हा दिसली नाहीत. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही.

दवाखान्यात अण्णानं एकदाच विचारलं, "हाळी 'मोकळं'चीच दिलीस न्हवं?"

"दिली की. दिली तवा मोकळंच व्हतं, अण्णा. त्येनं मागनं घुसवली मेंढरं."

त्यानं माझा हात धरला. "तुजी चूक न्हाय," म्हणाला.

पाय वाकडाच जुळला. सायकल सुटली ती सुटलीच. माझं लग्न थाटात झालं. सासऱ्यानं मांडवात चार माणसांना सांगितलं, जावई कसा, भावासाठी धावणारा. आणि अण्णा? तो अजून सांगतो. बारसं असो, तेरावा असो — "माजा पाय मोडला तवा भीमानं त्या धनगराचं थोबाड फोडलं." लोक माझ्याकडं बघतात. मी पानावरची भाकरी मोडत राहतो.

आता अण्णाला मोतीबिंदू झालाय. ऑपरेशनला तयार नाही. रोज सकाळी मारुतीला जायचं म्हणतो, मीच नेतो. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. गटारापाशी आलो की थांबतो. "भीमा, म्होरं बग रं."

मी बघतो. "मोकळं हाय, अण्णा," म्हणतो.

तो लगेच पाऊल टाकतो.