सगळ्यांची नावं घेणाऱ्या आत्याबाई

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई तांदळाच्या मडक्यात वाकून बघत होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी तांदूळ हाताने सपाट करून त्यावर आपला पंजा उमटवून ठेवला होता. तो मोडलाय का ते बघणं चाललं होतं. पंजा तसाच होता. तरी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पंजा माझाच हाय गं, पण बोटं जरा जाड दिसत्यात." मी तेव्हा सोळा वर्षांची होते. या बाईशी आपलं जमायचं नाही हे मला त्याच दिवशी कळलं, आणि ते काही चुकीचं ठरलं नाही.

गोदाआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. भाऊ आणि भावजय गेल्यावर शेत, गुरं आणि माझा नवरा त्यांनीच वाढवला. आमचं गाव भिवपुरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावात सगळे त्यांना टरकून असत. वाण्याच्या तराजूवर त्यांचा विश्वास नव्हता, गुरवाच्या प्रसादावर नव्हता, माझ्या नवऱ्यावर तर मुळीच नव्हता. देवळात डोळे मिटत नसत. म्हणायच्या, "मिटले की शेजारची नारळ बदलती."

लोक त्यांना वाईट मनाची म्हणत. मीही म्हणत असे. पण एक सांगते, त्यात लहानमोठं नव्हतं. पाटलावर जेवढा संशय, तेवढाच गड्यावर. जेवढा माझ्यावर, तेवढाच डोंगराकडेच्या कातकरवाडीवर. कमीजास्त नाही.

भात कापून झालं की वाडीतले कातकरी आमच्या बांधावर उंदरांची बिळं खणायला येत. उंदीर उभ्या पिकातल्या लोंब्या तोडून बिळात साठवतो. कातकरी ते बीळ खणतात, उंदीर धरतात आणि लोंब्याही नेतात. ही आमच्याकडची जुनी रीत. उंदीर कमी झाले तर शेतकऱ्याला बरंच. आत्याबाईंची अट एकच, खणलेला बांध परत चोपून द्यायचा. एका वर्षी लखू नावाचा पोर खणत होता. बाप कोळशाच्या भट्टीवर, आई मेलेली. बारा-तेरा वर्षांचा असेल. आत्याबाई त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. "बीळ खणतोस का माझं शेत खणतोस रं?" पोर मान वर न करता म्हणाला, "उंदराला विचार, बाय. त्यानंच खणलाय." आत्याबाईंना हसू आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लगेच त्यांनी तोंड फिरवलं.

लढाईचे दिवस होते. भाताला सोन्याचा भाव आला होता. आमचं भात झोडून खळ्यावर रास पडली होती आणि आत्याबाई रोज संध्याकाळी राशीवर राखेच्या रेघा ओढून ठेवत. कुणी हात घातला की रेघ मोडते. एका सकाळी एक बाजू ढासळलेली होती. आत्याबाईंनी जो आरडाओरडा केला तो वाडीपर्यंत गेला असेल. पोलीस पाटील आले. दुपारी कर्जतहून हवालदार आला.

"कुणावर संशय हाय, बाई?" हवालदाराने विचारलं.

त्यांना हे विचारायला नको होतं. आत्याबाई ओटीवर बसल्या आणि सुरू झाल्या. "लिवा. ह्यो पाटलाचा पुतण्या, दोनदा खळ्यावरनं गेला. कशाला गेला? वाणी लिवा. आमचा गडी लिवा. आमचा भाचा, दादा, त्याला पण लिवा, त्याला पत्त्यांचा नाद हाय. ही त्याची बायको लिवा, हिचं माहेर चौक गावाला, तिकडं काय काय जातं कुणाला ठाव. गुरव लिवा. आन् बांधावर खणणारा तो कातकऱ्याचा लखू, त्याला पण लिवा."

पाटील पुतण्याचं नाव ऐकून खाली बघत होते. हवालदार मात्र सगळं ऐकून घेत होता, लिहीत काही नव्हता. शेवटचं नाव आलं तेव्हा त्याची पेन्सिल चालली. तेवढंच.

तासाभरात तो वाडीतून लखूला घेऊन आला. दुसऱ्या हातात मडकं, त्यात लोंब्या. "हे तुमच्याच शेतातलं ना?" आत्याबाईंनी हात घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याच शेतातलं." ते खरंच होतं. हवालदाराने त्यांचा अंगठा घेतला. लखू म्हणत होता, "उंदराचा हाय, बाय, तू होतीस ना तिथं." हवालदाराने त्याच्या तोंडावर दिली आणि नेला.

संध्याकाळी आत्याबाई जेवल्या नाहीत. मला वाटलं भात गेलं म्हणून. मग एकदम म्हणाल्या, "त्याच्या मडक्यात काड्या होत्या गं."

"मग?"

"माझी रास झोडलेली. झोडलेल्या भाताला परत काड्या फुटतात काय? आन् एवढी माणसं उभी होती, कुणी बोललं नाय. पाटील का बोलला नाय?"

दुसऱ्या दिवशी त्या मला बरोबर घेऊन कर्जतला चौकीवर गेल्या आणि हे सगळं हवालदाराच्या तोंडावर सांगितलं. तो गोड बोलला. "बघतो, आत्या. तुमी तारखेला या." लखू आतल्या कोठडीत होता. त्याच्या रडण्याचा आवाज आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

तारीख पडली तेव्हा कोर्टात तेच मडकं टेबलावर ठेवलं होतं. कारकुनाने वाचलं, "लखू अमुक, वय वर्षे अठरा." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या शिपायाने हळूच सांगितलं, "लहान लिवला की त्याला पोरांच्या कोर्टात न्यावं लागतं, लांब. कोण नेणार? अठरा लिवला की इथंच मिटतं." हे तो अगदी समजूत घालावी तसं सांगत होता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आत्याबाईंना विचारलं, "हे भात तुमचं आहे का?"

त्या पुढे झाल्या. मडक्यात हात घातला, मूठभर भात बाहेर काढलं. स्वच्छ दाणे. एक काडी नाही. मग म्हणाल्या, "साहेब, मी हात घातला तवा ह्यात लोंब्या होत्या. आता दाणे हायेत. ह्यांना कुणी झोडलं ते आधी विचारा."

हवालदार म्हणाला, "आणताना चोळलं गेलं असेल, साहेब. बाईंचं वय झालंय."

"माझं झालंय. ह्या पोराचं कधी झालं?" आत्याबाई म्हणाल्या. "त्याला अठरा कुणी केलं? आन् मी एवढी नावं घेतली होती साहेब. पाटलाचा पुतण्या, वाणी, माझा स्वतःचा भाचा. ते कुठं हायेत? त्यांना का नाय आणला?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी लखूला विचारलं, "तू चोरलंस?" पोर म्हणालं, "उंदरानं चोरला." परत लोक हसले. साहेबांनी हवालदाराला खूप प्रश्न विचारले, आणि पोराला सोडला.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "आत्या, आमचं नाक कापलंत. पुढच्या चोरीला बघू."

"माझ्याकडं नका बघू," आत्याबाई म्हणाल्या, "पाटलाच्या ओसरीकडं बघा."

लखूला चालता येत नव्हतं. तळपायांवर मारलं होतं, कारण तिथलं दिसत नाही. आमची बैलगाडी होती, तीत त्याला बसवला. वाटेत आत्याबाई त्याला म्हणाल्या, "सुटलास म्हणजे चांगला हायस असं मी म्हणत नाय रं. फक्त हे भात तू नेलं नायस." पोर वाडीशी उतरला आणि मागे न बघता गेला.

तो सुटला, पण त्याचं नाव चौकीवर राहिलं. शेलू गावात कुणाची बकरी गेली, लखूला आणा. भिवपुरीच्या वीजघराच्या वस्तीतून तांब्या गेला, लखूला आणा. पोर खाकी कपडा दिसला की पळायला लागलं. टपालवाल्याला पाहूनसुद्धा डोंगरात पळायचं, आणि पळतो म्हणजे चोरच, असं लोक म्हणायला लागले. आमचा गडीही म्हणायचा. आत्याबाई दोनदा चौकीवर जाऊन भांडल्या. तिसऱ्यांदा हवालदाराने त्यांना दारातूनच परतवून लावलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या मागच्या पडवीतला तांब्याचा हंडा गेला. सासरहून परत येताना आत्याबाईंनी एवढी एकच वस्तू आणली होती. तिला त्या कुणाला हात लावू देत नसत, घासायच्याही स्वतः. मला वाटलं, आता गाव गोळा होणार. त्या मोकळ्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओरडू नकोस."

"लखूनं नेला असेल का हो?" मी विचारलं.

"त्यानंच नेला असंल. आता त्याला दुसरं कोण काय करू देतंय? नाय तर तू धाडला असशील चौकला."

कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळी पाटील आले. "आत्या, हंडा गेला म्हणं. चौकीवर कळवू का?"

"गेला नाय. विकला."

"तुमी? विकला? कुणाला?"

"दारावर आलेल्या कासाराला. माझा हंडा, मी विकला. तुमाला काय त्याचं?"

पाटील माझ्याकडे बघायला लागले. मी चुलीत लाकूड सारत राहिले.

"तिच्याकडं काय बघता, पाटील? मी सांगितलं ना."

पाटील चहा न घेताच उठले. ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत आत्याबाई दारात उभ्या होत्या. मग आत आल्या, दार लोटलं आणि मला म्हणाल्या, "तुझी पेटी उघड." मी उघडली. त्यांनी माझं एकेक लुगडं काढून झटकून पाहिलं, सगळी परत घडी घालून ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसल्या.