दशरथमामांचा खडक

आमच्या कॉलेजच्या बागेतले माळी दशरथमामा नवं झाड आलं की आधी त्याचं गाव विचारायचे. म्हणायचे, "गाव इचारल्याबिगर कोनाले पानी पाजू नये." मी मौद्याहून नागपूरला शिकायला आलो, तेव्हा माझंही गाव विचारून झाल्यावरच त्यांनी माठाकडे बोट दाखवलं. त्यांची नक्कल करून मी अख्खं हॉस्टेल हसवायचो.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. विभागप्रमुख सरांच्या मित्रानं आफ्रिकेतून एका दुर्मीळ वनस्पतीची सहा रोपं आणली. दिसायला कांद्याची पात, पण नेच्यांच्या दूरच्या नात्यातली. मामांचा प्रश्न तयारच होता. सरांनी सोबतची चिठ्ठी वाचली: पाणी झिरपणारे खडक. "आन् उन्हाळ्यात?" सर वैतागले, म्हणाले, उन्हाळ्यात तिथले खडक कोरडे पडतात.

मार्चअखेर पात पिवळी पडली आणि सगळ्यांची माया उतू गेली. नागपूरच्या उन्हात दारी आलेल्याला पाणी न देणं म्हणजे पापच. सर पाणी घालायचे, क्लार्क पेल्यातलं उरलेलं ओतायचे, दोनदा मीही ओतलं. पाच रोपं सडली. मामांनी सहावं काळ्या दगडाच्या खोबणीत बसवलं आणि कोणाचा पेला पोचणार नाही असं शेडच्या आढ्यावर ठेवलं. खाली स्वतः स्टूल टाकून बसले.

सर भडकले. हे मेलं तर बाग सोडा आणि शिपाई म्हणून गेटवर बसा, म्हणाले. ती बाग मामांनीच उभी केलेली.

"मेलं नाही सर, झोपून राहिलं. झोपलेल्याच्या तोंडात पानी ओतलं तं ठसका लागते."

मेभर मी रोज विचारायचो, "मामा, उठलं का गा?"

"तू उठतं का दहाच्या आधी?"

जूनमध्ये मामांनी दगड खाली उतरवला आणि प्रयोगशाळेच्या खसच्या कूलरखाली, थेंब पडतात तिथं ठेवला. आम्ही रोज वाकून बघायचो. अकराव्या दिवशी सुईएवढं हिरवं टोक वर आलं. सर चष्मा विसरून धावत आले. गेटचा विषय पुन्हा निघाला नाही.

पोळ्यापर्यंत पात तरारली. सरांनी एक पान मुळाशी अलगद सोडवलं. त्याच्या बुडाशी रव्यासारखे पांढरे कण होते. हे बीजाणू, यातूनच नवी रोपं येणार, सर म्हणाले. त्यांनी कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि खुर्चीवरून उठले.

"बसा मामा. आधी तुम्ही."

मामांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग टोपी सरळ करत म्हणाले, "एवढे पोरं? सर, आता मले लय खडक लागन."

त्या दुपारी सर बाह्या सारून दगड वाहत होते, आणि मामा स्टुलावर बसून एकेक दगड नापास करत होते.