माळकरी बाबा आणि आजारी पिल्लू

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या जनावरांच्या दवाखान्यात मी आमच्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायला नेलं होतं. बाकावर शेजारी एक म्हातारे शेतकरी द्राक्षांची रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि पेटीत, कागदाच्या कातरणात, मांजरीचं एवढंसं पिल्लू. त्याची आई गाडीखाली गेलेली, आणि त्याला हगवण लागलेली. "घरच्या गाईचं दूध पाजतो, लय घट्ट," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत होते.

डॉक्टर म्हणाले, "बाबा, ते दूधच बाधतंय त्याला. बंद करा. उकडलेली कोंबडी नाहीतर अंडं कुस्करून द्या, थोडं थोडं."

बाबा परत बाकावर येऊन बसले. एक हात सारखा माळेकडे जात होता. दुसऱ्या हाताचं बोट पिल्लू चोखत होतं. मला राहवेना. म्हटलं, "बाबा, मी नेऊ का याला? आमच्याकडे सगळं चालतं."

त्यांनी पेटी पोटाशी ओढली. "नको ताई. माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या नाय."

स्वतःचा नियम इतका घट्ट धरून दुसऱ्याला त्यातून मोकळं सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"मळ्यात येगळी चूल मांडतो," ते म्हणाले. निघताना मात्र थबकले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पर ताई, अंडं उकडायचं कसं? आधी फोडायचं, का मंग?"