माथ्याची वही

डोंगराची वही सांभाळायला द्यायची, तर विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? गोड बोलणाऱ्यावर, की झपाझप चालणाऱ्यावर? माझे गुडघे आता चढण सोसत नाहीत, म्हणून विचारतोय. बारामतीत माझं पाइप-फिटिंगचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पण गिऱ्हाईक काउंटरवर कोपर कसं टेकतं त्यावरून माणूस कळतो, असं मी समजत होतो. आमच्या डोंगराचे किस्से म्हणजे दुकानातल्या खोक्यातले नट-बोल्ट. एक काढायला हात घालावा, तर मूठभर वर येतात.

आम्ही तिघं. कांबळे सर भूगोलाचे शिक्षक, मूळ डाळजचे, रिटायर होऊन बारामतीत राहिलेले. तात्या शेळगावचे, ऊसवाले. आणि मी. महिन्यातल्या एका गुरुवारी तात्यांच्या जीपनं सोमेश्वरनगर मागं टाकायचं, पुढचा काळा डोंगर चढायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी. डोंगर फार अवघड नाही. दोन टप्पे, मध्ये खिंड, वर एक मोठी शिळा. नियम सरांचा : शिळेला हात लावला तर वहीत नावापुढं ‘माथा’. नाहीतर जिथं थांबला, ते ठिकाण.

* * *

पहिल्याच खेपेला सरांनी सांगितलं, हा अख्खा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर. तात्यांनी कातळावर हात टेकवला आणि झटक्यात मागं घेतला.

“सर, ह्यो अजून तापल्यालाच हाय की!”

“तात्या, ते एप्रिलचं ऊन. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली.”

“एवढी वर्षं ह्यो हितंच बसलाय, मग आपल्यालाच कसली घाई? बसू की जरा.”

* * *

माझंही सांगतो. एकदा हे दोघं शिळेला हात लावून परतले आणि वाटेत मला ओलांडून खिंडीत जाऊन बसले. मी शिळा समोर दिसेपर्यंत गेलो, दम संपला, मागं वळलो. खिंडीत येऊन म्हणालो, लावला हात.

सर म्हणाले, “माझी टोपी शिळेवर राहिली. दिसली असेल.”

“वाऱ्यानं उडाली असंल, सर. मला काय दिसली न्हाय.”

सरांनी पिशवीतून टोपी काढली आणि डोक्यावर घातली.

“वीसच पावलं राहिली हुती सर. सूट द्या की.”

“सूट दुकानात.” आणि वहीत माझ्या नावापुढं लिहिलं : वीस पावलं राहिली.

* * *

त्या कातळात पोकळ्या असतात, आत पांढरे लखलखीत स्फटिक. तात्यांनी एक दगड गुपचूप घरी नेला. महिन्यानं सरांना कळलं. डोंगराचं डोंगरावर ठेवून या, म्हणाले. तोवर तात्यांच्या मंडळींनी तो देवघरात मांडून रोज हळदकुंकू वाहायला सुरुवात केली होती.

तात्या काकुळतीला आले. “आता त्यो देव झालाय, सर. देवाला डोंगर कसा चढवू?”

सर बौद्ध माणूस. हसले नाहीत, चिडले नाहीत. म्हणाले, “तात्या, त्यालाही कधीतरी घरी जावंसं वाटत असेल.”

पुढच्या गुरुवारी तात्यांनी देव पाठीवर बांधून वर नेला. वहीत सरांनी त्याचंही नाव घातलं. देव : माथा.

* * *

मग सरांचं शिकवणं वाढलं. दर वळणाला थांबायचे, हा थर कुठला, ही भेग कशी पडली, सगळं समजावून सांगायचे. तात्या माझ्या कानात म्हणाले, सरांचा भूगोल लईच वाढलाय. मीही हसलो.

सर श्वास गोळा करत होते. कोपरावरून माणूस ओळखणाऱ्या मला पाच-सहा महिने ते कळलं नाही.

* * *

एका गुरुवारी ते खिंडीतच बसले. तुम्ही जाऊन या, म्हणाले, आणि वही माझ्या हातात दिली. शिळेपाशी मी आमची दोन नावं लिहिली. तात्या हळूच म्हणाले, “सरांचंबी लिव. माथाच लिव. कोण बघतंय?” मी लिहिलं.

खाली आल्यावर सरांनी वही वाचली. आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल काढून ‘माथा’वर रेघ मारली आणि लिहिलं : खिंड. वही स्वतःच्या पिशवीत ठेवली.

दीड महिन्यानं सर गेले. हृदयाचं होतं. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच चढण बंद करायला सांगितली होती. आम्हाला ते त्यांच्या मातीला कळलं.

* * *

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सरांची लेक प्रज्ञा वही घेऊन दुकानात आली. तात्या तिथंच होते. तिनं शेवटचं पान उघडून काउंटरवर ठेवलं. त्या ‘खिंड’ शब्दाखाली सरांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती.

एकटा. वीस पावलं राहिली.

“त्या दिवशी बाबांनी घरात सांगितलं होतं, डाळजला काकांकडं जातोय म्हणून,” ती म्हणाली. “आणि एसटीनं डोंगराकडं गेले.”

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. “घरात खोटं बोललं, पर वहीत न्हाय.”

पुढच्या गुरुवारी आम्ही तिला घेऊन गेलो. खिंड मागं टाकली. तात्या पुढं होते, पायात अजून बैलाचं बळ. शिळा समोर आली आणि ते थांबले. त्यांच्या मागं मी थांबलो. प्रज्ञानं शिळेकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. मग तीही तिथंच कातळावर टेकली. मांडीवर वही उघडून तिनं तिघांची नावं लिहिली आणि तिघांपुढं तेच लिहिलं.

वारा जोराचा होता. पान तात्यांनी हातानं दाबून धरलं होतं.

तर ही घ्या वही. तुम्ही नवे आहात, तुम्हाला आमची भीड नाही, म्हणून तुमच्याकडं. पुढच्या गुरुवारी मीही येणार आहे. खिंडीपर्यंत पोचलो तर खिंड लिहा, पायथ्याशी बसलो तर पायथा. मी दुकानदार माणूस, सूट मागेन. देऊ नका.