साच्याचं पाणी

हे बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

खामगावजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी माल तपासायचो. फवारणीच्या पंपांचे प्लास्टिकचे दांडे तिथे बनत. मशीनवर रफिकभाई असत, माझ्याहून वयाने बरेच मोठे. माझ्या टेबलावर एक जुना सूक्ष्मदर्शक होता, आणि त्याचंच मला वेड.

तुम्ही कधी प्लास्टिक गोठताना पाहिलंय? एक बारीक कण काचेवर वितळवायचा, सावकाश निवू द्यायचा. मी बसवलेल्या खास भिंगांतून आधी नुसता काळोख दिसे. मग कुठेतरी एक ठिपका उजळे. तो वाढू लागे — गोल, चहूबाजूंनी सारखा — आणि त्याच्या पोटात काळी फुली उमटे. मग दुसरा, तिसरा. शेवटी ती गोल, उजळ फुलं एकमेकांना भिडत आणि थांबत, मध्ये शेताच्या बांधासारखी रेघ. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, वितळल्या की सगळा गुंता. निवताना त्यांना कोण सांगतं, आता घड्या घाला म्हणून? तरी त्या घडीवर घडी घालत एका बिंदूपासून बाहेर पसरत जातात. मी देवाधर्मातला नाही. पण तिथे हात जोडावेसे वाटत.

सावकाश निवलं की फुलं मोठी होतात, आणि मोठ्या फुलांच्या बांधांवर माल ठिसूळ राहतो. म्हणून तर साच्यातून थंड पाणी फिरवतात. हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

एका दुपारी रफिकभाई मशीन माझ्यावर सोपवून नमाजाला गेले. काचेवर दिसतं ते खऱ्या दांड्यातही फुलतं का? — एवढंच पाहायचं होतं. मी पाण्याचा कॉक जवळजवळ बंद केला. साचा तापला, दांडे पडत राहिले. एकाची ब्लेडने पातळ चकती काढली आणि भिंगाखाली धरली. काय सांगू — एका साध्या दांड्याच्या आत सगळा बगीचा.

भानावर आलो तेव्हा कॉक उघडला. पण मधले दांडे क्रेटमधल्या मालात मिसळले होते. सगळा क्रेट बाजूला काढता आला असता — मग का काढला, हे सांगावं लागलं असतं. मी तपासणीचा शिक्का मारला.

काही महिन्यांनी सोनाळा गावचा एक मजूर कपाशीवर फवारत असताना दांडा मोडला. तुटकं टोक तळहातात घुसलं. त्याची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

तो दांडा माझ्या टेबलावर आला. त्याचीही चकती काढली. भेग प्रत्येक फुलाला वळसा घालत, बांधाबांधाने गेली होती. आणि खरं सांगू? आधी भीती नाही वाटली. वाटलं — किती सुंदर. दांड्यावर त्याचं रक्त वाळलेलं होतं.

दांड्यावरच्या तारखेवरून तो कोणत्या दिवसाचा माल, ते निघालं. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हणालो, साच्याला पाणी कमी पडलं.

“पानी म्या सोता पाह्यलं होतं, सायेब,” रफिकभाई म्हणाले. “बराबर होतं. मी नमाजले गेलो तवा सर होते मशीनवर. त्याइले इचारा.”

मालकांनी विचारलं.

“मी होतो तेव्हा पाणी नीट होतं,” मी म्हणालो.

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डबा उचलला आणि गेले. त्यांना पुन्हा कामावर घेतलं नाही.

गेल्या महिन्यात जळगाव जामोदच्या बाजारात ते दिसले, केळी विकत होते. त्यांनीच हाक मारली, चहा मागवला. घरच्यांची विचारपूस झाली. मग हळू आवाजात म्हणाले, “सर, एक इचारू? त्या दिवशी मीच कॉक बंद करून इसरलो असन का? लय आठवून पाह्यतो. ध्यानातच येत नाही. त्या मानसाचा हात माह्यामुळं गेला काय?”

“जाऊ द्या न आता, रफिकभाई,” मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मी चहा संपवला.