आप्पांचा रोजचा पाठ

बहारीनच्या शाळेत मी सहा वर्षं विज्ञान शिकवत होते. दुपारी सनद भागातल्या माझ्या खोलीवर आले की गावी आप्पांना फोन करायचे. आप्पा शाळेत कधी गेलेच नाहीत आणि मी घरातली पहिली पदवीधर. नोकरी लागल्यापासून वडील असूनही ते मला बाई म्हणत. "बाई, आज काय शिकवलंत?" मी सगळा धडा सांगायचे. संध्याकाळी ते तोच शेजाऱ्यांना ऐकवायचे.

एका मंगळवारी मुख्याध्यापिकांनी आम्हा पाच जणींना बोलावलं. बजेट कमी झालंय, उद्यापासून वर्गावर येऊ नका, महिनाअखेरीस व्हिसा रद्द होईल, असं त्यांनी खाली बघत सांगितलं.

खोलीवर येऊन मी फोन लावला.

"बाई, काल चंद्राचा धडा अर्धाच राहिला. शेजारचा म्हणतो, तुझी बाई विसरली वाटतं!"

मी ग्रहणापर्यंत सगळं सांगितलं. नंतरही रोज पुस्तक मांडीवर घेऊन पुढचा धडा सांगत राहिले. खरं सांगायला तोंड उघडायचे आणि चुंबकाबद्दल बोलायचे. एक दिवस पुस्तक संपलं.

"आता वरच्या वर्गाचं घ्या, बाई," आप्पा म्हणाले.

मी हो म्हणाले. समोर बॅग भरलेली होती आणि परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं.