पेंटरचं पांढरं छत

पडदा वर जातो. खोली साधीच आहे. खिडकीशी लोखंडी खाट, भिंतीला टेकून शिवणयंत्र, कोपऱ्यात कपड्यांचं कपाट. जमिनीवर मधोमध एक बादली, अर्धी भरलेली. आणि या सगळ्यावर पांढरं छत, इतकं स्वच्छ, इतकं एकसारखं की सुईएवढा डाग शोधून सापडू नये. पाहणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडावा की छत जर एवढं कोरडं, तर बादलीत पाणी आलं कुठून? खाटेवर एक उंच, वाळका म्हातारा उभा आहे. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. दारात त्याची बायको, कमरेवर हात ठेवून. दोघंही गप्प आहेत, कारण बोलण्यासारखं सगळं त्यांनी सकाळीच बोलून टाकलेलं आहे.

हा आमचा पेंटर. आईबापांनी नाव ठेवलं असेलच, पण आमच्या नाटक मंडळीत त्याला त्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आम्ही नट-नट्या पुढे मिरवायचो आणि हा मागे, गोदामाच्या फरशीवर कापड अंथरून, अनवाणी पायांनी त्यावर चालत, लांब दांड्याच्या कुंचल्याने राजवाडे काढायचा, तुरुंग काढायचा, समुद्र काढायचा. शेगडीवर रंगात घालायचा सरस उकळत असायचा. त्या वासाने माझं डोकं उठायचं आणि मी नाक मुरडून त्याला बोल लावायचे. तो म्हणायचा, “बाई, तुमच्या अत्तरापेक्षा बरा आहे.” आज तो वास कुठे आला तर मी दोन मिनिटं उभी राहीन.

मंडळीचा मुक्काम सारखा हलायचा. पडदे गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचे, पुढच्या गावी सोडायचे. वाटेत त्यांच्यावर चहा सांडायचा, उंदीर कुरतडायचे, घडीच्या जागी रंग उडायचा. प्रयोगाआधी पेंटर यायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि त्या जागा झाकायचा. अशा बेमालूम, की मालकांनासुद्धा कळायचं नाही कुठे झाकलंय ते. त्याच्या कामाची रीतच ती. डाग दिसला की झाकायचा, दिवे लागले, प्रयोग पार पडला की काम झालं. कापड आतून कुजतंय का, हे कुणी त्याला विचारत नसे. पडद्याला उभं आयुष्य नसतं, त्याला तीन अंक उभं राहायचं असतं.

घराला मात्र आयुष्य असतं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मंडळी बंद पडली तेव्हा त्याने हे बैठं घर घेतलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर उतरतं कौलारू छप्पर, आत फळ्यांचं छत. माझी खोली दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे येणं-जाणं रोजचं. एकदा पायरीवर बसून तो मला म्हणाला होता की जन्मभर दुसऱ्यांसाठी घरं रंगवली, ती सगळी गुंडाळावी लागली. हे एकच असं आहे की जे गुंडाळावं लागत नाही. त्याच्या मुलाने मात्र ते गुंडाळायचं ठरवलेलं होतं. मुलगा दुसऱ्या शहरात, इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो. स्वभावाने चांगला, आईबापांची काळजी करणारा, आणि म्हणूनच डोक्याला ताप. दर फोनला त्याचं एकच पालुपद, की ते घर जुनं झालंय, एक दिवस अंगावर येईल, विका आणि इकडे या. शेवटी तो म्हणाला की मी स्वतः येतो आणि बघतो. घर ठीक असेल तर पुन्हा विषय काढणार नाही; नसेल तर तुम्हाला घेऊनच जाईन.

त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींनाही त्या चौथ्या मजल्यावर जायचं नव्हतं. शिवणकामाच्या बायका, शेजार, अंगणातला नळ, सगळं इथे. म्हणजे दोघांनाही हेच घर हवं होतं. भांडण एवढंच, की त्या ते वाचवायला निघाल्या होत्या आणि पेंटर ते लपवायला.

छपराने आपल्या परीने पुष्कळ सांगून पाहिलं. आधी कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. मग मधलं दार फुगलं, लागेना. छताच्या फळ्यांना ठोकलेल्या खिळ्यांभोवती तांबूस कडी उमटली. खिडकीच्या वर रंगाला पापड आले. मग डाग, आधी बशीएवढा, मग ताटाएवढा, कडेला काळपट आणि मध्ये फिकट. आणि रस्त्यावरून पाहिलं तर छपराचा कणा, जो सरळ रेघेत हवा, तो मध्ये खचलेला. हे मला दिसत होतं, वहिनींना दिसत होतं, दूधवाल्यालाही दिसत होतं. पेंटरलाही दिसत होतंच, सगळ्यांच्या आधी. पाऊस थांबला की तो खाट ओढायचा, वर चढायचा आणि अर्ध्या तासात तो डाग या जगात नसायचा.

वहिनींच्या नाकी नऊ आले होते. शिवणयंत्र त्या रोज नव्या जागी सरकवायच्या. कुठे ठेवावं हेच कळत नाही, अशी त्यांची तक्रार. डाग राहिला असता तर निदान त्या खाली बसू नये एवढं तरी समजलं असतं. आता छत सगळीकडे सारखंच पांढरं, आणि पाणी कुठून पडेल याचा नेम नाही. एका बाईचं शिवायला आलेलं नवं कापड भिजलं तेव्हा त्या माझ्याकडे येऊन रडल्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, “ताई, माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं. रंगाचं व्यसन आहे, हे कुणाला सांगू?”

मी त्यांची बाजू घेऊन गेले. पेंटरने माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की मुलगा येऊन जाऊ दे, मग बघू. मी आवाज चढवला. एके काळी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, पण पेंटर नेहमी विंगेत उभा राहिलेला माणूस, त्याला त्या आवाजाची सवय. मी हात टेकले.

मग वहिनींनी त्याला न विचारता छपराचा मिस्त्री बोलावला. मिस्त्री आला, आत येऊन मान वर केली आणि म्हणाला, गळतंय कुठे? वहिनी म्हणाल्या, सगळीकडे. पेंटर म्हणाला, कुठेच नाही. मिस्त्री एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. त्याचं म्हणणं रास्त होतं. छपरात पाणी शिरतं एका ठिकाणी, वाशावरून घरंगळत जातं आणि टपकतं भलत्याच ठिकाणी. डागांवरून माग काढत वर जायचं असतं. इथे डागच नाहीत, तर माग कसला काढायचा? तो शिडी लावून वर गेला, स्वयंपाकघरावरची फुटलेली कौलं बदलली आणि चिडून निघून गेला. पुढच्या पावसात पाणी खाटेवर पडलं. वहिनी मिस्त्रीवर चिडल्या, मिस्त्री फोनवर वहिनींवर चिडला. पेंटर मात्र खाट ओढून रंग लावत होता.

आणि मुलगा आला.

मला मुद्दाम बोलावणं होतं, चार माणसांत पोरगं तोंड सोडणार नाही म्हणून. पेंटरने दाढी केली होती. बादली परसात, खाट जागेवर, कपाटात कापूर. मुलाने बूट काढले आणि मान वर करून सगळ्या खोल्या हिंडला. मग त्याचा चेहरा सैल झाला.

“बाबा, छत तर चांगलं आहे की. मी उगाच घाबरलो होतो.”

वहिनींनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तर घर गेलं असतं, आणि न बोलल्या तर छप्पर. या कात्रीत मी भल्याभल्या नटांना रंगमंचावर अडकलेलं पाहिलंय, पण तिथे निदान पुढचं वाक्य लिहून दिलेलं असतं.

आता पेंटरने गप्प बसायचं की नाही? पण टाळी मिळाली की माणूस बिघडतो. त्याने कोपऱ्यातून आपला जुना लांब दांड्याचा कुंचला उचलला, उलटा धरला आणि मुलाला म्हणाला, नुसतं बघतोस काय, ऐक. आणि दांड्याने छतावर ठोकलं. पहिल्या ठिकाणी आवाज आला. दुसऱ्या ठिकाणी आवाज आलाच नाही. दांडा सरळ आत गेला, जसा काही ओल्या पावात जावा. क्षणभर तो तसाच वर धरून उभा राहिला. मग फळीचा भुगा, काळं पाणी आणि रंगाचा पापुद्रा, थरावर थर, चांगला बोटभर जाड, असं सगळं त्याच्या नुकत्याच दाढी केलेल्या तोंडावर आलं.

कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

मुलगा खूप बोलला. आवाज न चढवता बोलला, ते जास्त लागलं. म्हणाला की गळतं हे सांगितलं असतंत तर दुरुस्त केलं असतं. पण तुम्ही जर माझ्यापासून लपवणार असाल, तर मी तुम्हाला इथे एकटं ठेवू कसा? उद्या काय लपवाल, ताप? छातीतली कळ? पेंटर टॉवेलने तोंड पुसत राहिला. मग वहिनी पुढे झाल्या. त्यांनी मुलाला सांगितलं की मिस्त्रीला आणखी एकदा येऊ दे. त्याने छप्पर सुधारलं तर आम्ही राहू. त्यानेही हात वर केले तर मी स्वतः सामान बांधीन.

मिस्त्री यायला तयार नव्हता. मुलगा जाऊन समजूत काढून घेऊन आला. त्याने भोकातून आत बॅटरी मारली, मान हलवली आणि म्हणाला की असं कुठे-कुठे कुजलंय ते कळायला सगळं छत उखडावं लागेल, सगळी कौलं उतरवावी लागतील, आणि तसं असेल तर घर विकलेलं बरं. पाणी कुठे-कुठे उतरत होतं, एवढं कुणी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

तेव्हा पेंटर उठला. त्याने काळा घेतला, तपकिरी घेतला, थोडा पिवळा घेतला, खाट ओढली आणि वर चढला. आणि झाकलेला एकेक डाग परत काढायला लागला. कोणता आधी आला, कोणता नंतर, कोणता फुगून दुसऱ्याला भिडला, सगळं त्याच्या हाताला पाठ होतं. त्यानेच तर पुसले होते ते. मिस्त्रीचा जीव मेटाकुटीला, कारण पेंटरला साधा गोल काढताच येईना. कडा काळपट, आत उतरती छटा, खिळ्याभोवती तांबूस कडी, सगळं जिथल्या तिथे. मिस्त्री म्हणाला, काका, नुसती खूण करा, मला संध्याकाळच्या आत दुसरीकडे जायचंय. पेंटर म्हणाला, मध्ये बोलू नका. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि चहा ठेवायला गेल्या. मी दाराशी उभी राहून पाहत होते. इतक्या वर्षांत त्याचं इतकं चांगलं काम मी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून माझं डोकंही तितकंच फिरलं होतं.

छत पुरं झालं तेव्हा ते बघवत नव्हतं. पण मिस्त्रीने मान वर केली आणि लगेच बोट फिरवायला लागला. हा इथून, हा त्याच्यातून, हे दोन त्या वाशावरून. सगळ्यांचा उगम एकच निघाला. दोन खोल्यांची छपरं जिथे मिळतात, तिथली पत्र्याची पन्हळ गंजून फाटली होती. पन्हळ बदलायची, वासे आणि त्या पट्ट्यातल्या फळ्या बदलायच्या, वाकलेल्या कण्याला खालून आधार द्यायचा. घर राहण्यासारखं होतं. मुलाने स्वतः शिडीवर चढून सगळं पाहिलं आणि मग राजी झाला. अट एकच घातली, आणि वहिनींनी ती उचलून धरली. नव्या फळ्यांना रंग लावायचा नाही, जुन्यांचा खरवडून काढायचा. छत उघडं राहील, म्हणजे काही आलं तर लगेच दिसेल.

काम झालं. मुलगा परत गेला. शिवणयंत्र खिडकीशी कायमचं बसलं. पेंटरला मात्र ते उघडं लाकूड सोसत नव्हतं. खाटेवर पडला की वरच्या गाठी आणि जोड बघून कुरकुरायचा, की ही खोली आहे की गोदाम. वहिनींनी रंगाचे डबे माझ्याकडे आणून ठेवले. दोनदा तो काही ना काही निमित्त काढून माझ्याकडे आला आणि डब्यांकडे बघत चहा पिऊन गेला. मीही दिले नाहीत, तो रुसून बसला.

परवा दुपारी मी तिथेच बसले होते. बाहेर पाऊस सरळ पडत होता. वहिनी यंत्रावर बाही लावत होत्या, पेंटर उताणा पडून वर बघत होता. बराच वेळ बघत होता. मग उठून बसला, बोटांनी डोळे चोळले, पुन्हा वर बघितलं. खिडकीच्या कोपऱ्यात फळीचा रंग जरासा गडद झाला होता, तळहाताएवढा. मला तर चष्मा लावूनही आधी दिसला नाही. वहिनींनी यंत्र थांबवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“ओल आलीय,” तो म्हणाला. “मिस्त्रीला बोलाव. आणि आजच बोलाव, माझ्या हाताचा भरवसा नाही.”